खंडेनवमीला काढलेला प्लग

दसऱ्याच्या सकाळी लोक नवे कपडे घालून बाहेर पडतात, मी स्क्रूड्रायव्हरची पिशवी घेऊन बाहेर पडायचे. पुंडलिकनगरातल्या आमच्या घरात त्या दिवशी पुरण कधी वेळेवर शिजलं नाही. डाळ कुकरला लावली रे लावली की फोन वाजायचा आणि पलीकडून एकच वाक्य यायचं, "मॅडम, मशीन उठत नाय." पहिला फोन ठेवते तोवर दुसरा. दिवाळीत फटाकेवाल्यांचा सीझन असतो, लग्नसराईत बँडवाल्यांचा. जुनी कॉम्प्युटरं दुरुस्त करणाऱ्या बाईचा सीझन दसरा. असं का, ते पुढे सांगते.

तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, औरंगपुऱ्यातल्या एका अरुंद जिन्यावर माझं दुकान होतं. खाली भांड्यांचं दुकान, वर मी. जिना चढून धापा टाकत आलेलं गिऱ्हाईक आधी माझ्याकडे बघायचं, मग माझ्या मागे बघायचं आणि विचारायचं, "मेकॅनिक कुठं गेले?" एकदा वैतागून मी म्हटलं, "जेवायला गेलेत." तो गृहस्थ बसून राहिला. मी त्याच्यासमोर कॅबिनेट उघडलं, धूळ काढली, रॅम खोडरबरानं घासून परत बसवली, मशीन चालू करून दाखवलं. तरी तो हलेना. म्हणाला, "साहेब आले की त्यांना एकदा दाखवतो आन् मग नेतो." त्या दिवसापासून मी मेकॅनिकला जेवायला पाठवणं बंद केलं.

आता धंद्यातलं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बटण दाबलं आणि चित्र आलं, एवढंच आपल्याला दिसतं. पण मशीन झोपेतून उठतं तेव्हा त्याला काहीच आठवत नसतं. मदरबोर्डवरची एक छोटी चिप आधी जागी होते. ती सगळ्यांची हजेरी घेते: मेमरी आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क कुठे आहे, ती कोणत्या पद्धतीनं वाचायची. सगळं जागेवर सापडलं तर ती डिस्कवरच्या सिस्टीमला हाक मारते आणि मग तुमचं ते चित्र येतं. यातली कुठलीही एक गोष्ट चुकली तरी गिऱ्हाइकाच्या भाषेत त्याला "उठत नाय" हेच नाव. म्हणून फोनवर माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "दिवा लागतो का? पंखा फिरतो का? टुक् असा आवाज येतो का? पडद्यावर काही अक्षरं दिसतात का?" अक्षरं दिसतात म्हटलं की माझा जीव भांड्यात पडायचा. अक्षरं दिसत असली की मशीन बोलतंय, आणि जे बोलतंय ते मेलेलं नाही.

पण गिऱ्हाईक अक्षरं वाचत नाही. ते कारण सांगतं, आणि त्यानं सांगितलेलं कारण हे नेहमी निमित्त असतं. "पोरानं गेम खेळला म्हणून गेलं." "बायकोनं वरून फडकं मारलं म्हणून गेलं." "शेजाऱ्यांनी मिक्सर लावला म्हणून गेलं." निमित्त शेवटचं असतं, डोळ्यांदेखत घडतं, आणि बहुतेक वेळा त्याला नाव-गाव असतं. कारण जुनं असतं आणि आत कुठेतरी गुपचूप बसलेलं असतं. माझं अर्धं आयुष्य निमित्त बाजूला सारून कारण शोधण्यात गेलं. उरलेलं अर्धं गिऱ्हाइकाला ते पटवण्यात.

एक वकील होते. त्यांचं मशीन "सिस्टीम सापडत नाही" एवढंच काळ्या पडद्यावर लिहून गप्प बसायचं. त्यांचा ठाम समज होता की विरुद्ध पार्टीनं काहीतरी करवलंय. मी गेले, मशीनच्या मागे हात घातला, तर तिथे पेनड्राइव्ह. सकाळी भजनं ऐकायला लावलेला, तसाच राहिलेला. मशीन आधी त्या पेनड्राइव्हमध्ये सिस्टीम शोधायचं आणि तिथे भजनं सापडली की हताश व्हायचं. मी तो काढला, मशीन उठलं. वकीलसाहेबांचा चेहरा मात्र पडला. एवढ्या मोठ्या कटाचा असा निकाल लागावा, हे त्यांना सहन होईना. तेव्हा मी एक शिकले. दोष एका क्षणात सापडला तरी कॅबिनेट उघडायचं, दोन फुंकरा मारायच्या, थोडं गंभीर व्हायचं. माणसाला आपल्या दुखण्याचा मान राखलेला आवडतो.

मग ती दुष्काळाची वर्षं आली. शहर चहूकडे पसरत होतं. सातारा, देवळाईकडे रोज नवी कॉलनी उभी राहत होती, प्रत्येक कॉलनीत एक कॉम्प्युटर क्लास आणि प्रत्येक गल्लीत टँकरची वाट बघणारे ड्रम. आमच्या मशीनांनाही दुष्काळ लागला. बरी वर्षं असली की कूलरच्या दमट हवेनं रॅमच्या पट्ट्यांवर गंज यायचा. दुष्काळात कूलरला पाणीच नाही, तेव्हा गंज थांबला आणि धूळ सुरू झाली. पण खरा त्रास दिला तो अर्थिंगनं. अर्थिंगचा खड्डा, ज्यात मीठ-कोळसा घालून तांब्याची पट्टी पुरतात, तो ओला लागतो. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतावं लागतं, नाहीतर कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात आणि एक दिवस बोर्ड जळतो. गारखेड्याकडच्या एका क्लासवाल्या सरांची मशीनं एकामागून एक जायला लागली, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "सर, खड्ड्यात पाणी घाला." ते माझ्याकडे बघतच राहिले. "मॅडम, पोरांना प्यायला पाणी नाय. खड्ड्याला कुठून घालू?"  उपाय त्यांनीच शोधला. पुढच्या खेपेला गेले तर पोरं डबे खाऊन त्या खड्ड्यावर ओळीनं हात धूत होती.

अशाच एका कोरड्या वर्षातली ही गोष्ट. पाऊस आलाच नव्हता. दसऱ्यालाच टँकर सुरू झाले होते.

आमच्या गल्लीत भानुदास राहायचा. पिशोरकडचं मेंढपाळाचं घर, पण हा आयटीआय करून वाळूजला आला, दहा वर्षं कंपनीत राबला आणि मग स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं. त्याच्याकडे एक जुनं वायरकट मशीन होतं. केसासारखी बारीक तार ठिणग्या पाडत पोलाद कापते आणि कंपन्यांना लागणारे साचे, म्हणजे डाय, बनवते, असं ते यंत्र. ती तार कुठे वळायची हे तिला सांगायला शेजारी एक म्हातारा कॉम्प्युटर. ते सॉफ्टवेअर त्याच कॉम्प्युटरवर चालायचं, दुसऱ्यावर हलवता यायचं नाही. म्हणजे कॉम्प्युटर उठला नाही तर लाखमोलाचं वायरकट नुसतं लोखंड.

त्याचे वडील, आबा, नुकतेच त्याच्याकडे राहायला आले होते. चारा नाही, पाणी नाही, म्हणून मेंढरं विकून टाकली होती. आयुष्यभर कळपामागे चाललेला माणूस पुंडलिकनगरच्या दोन खोल्यांत नुसता येरझाऱ्या घालायचा. शेवटी भानुदास त्यांना रोज वर्कशॉपला न्यायला लागला. तिथे ते झाडलोट करायचे, चहा आणायचे, आणि मशीनांकडे बघत बसायचे. मला भेटले की म्हणायचे, "माय, या जित्राबास्नी चारा लागत नाय, हे लई बेस हाय."

दसऱ्याच्या सकाळी भानुदासचा फोन आला. नेहमीचंच वाक्य. पण आवाज नेहमीचा नव्हता. "मॅडम, जसं असाल तसं या. उद्या डाय द्यायचीय. एवढ्या वर्षांत पहिलं मोठं काम हाय, हे हुकलं तर कंपनी परत दारात उभं करणार नाय."

कुकर बंद करून मी निघाले. वर्कशॉपच्या बाहेर एका पालथ्या ड्रमवर आबा बसले होते. बोटं हळदीकुंकवानं पिवळी-तांबडी, पायाशी बांधलेलं गाठोडं. मी विचारायच्या आत भानुदास आतून बाहेर आला. "विचारा त्यांनाच. काल पूजा करा म्हटलं, तर सगळ्या मशीनांचे प्लग उपटून ठेवले. यूपीएससकट! कॉम्प्युटरला हळद, कुंकू, अक्षता. घालवलं मशीन. मी सांगितलंय त्यांना, तुम्ही आपले पिशोरलाच बरे. इथं नगं."

आबा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "पोळ्याला बैलाच्या मानंवर जू ठिवतो का आपण? ज्याची पूजा, त्याला त्या दिशी जुंपायचं नाय. म्हून वायरी काढल्या. माझं चुकलं का माय?"

 पिशोरला तेव्हा काय परिस्थिती होती ते मला माहीत होतं. हंडाभर पाण्यासाठी टँकरची वाट, घर बंद, मेंढरं नाहीत. तिथे या वयात एकट्यानं जायचं म्हणजे काय, हे भानुदासलाही कळत होतं. पण त्या क्षणी त्याला फक्त डाय दिसत होती.

आत गेले. बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि माझा जीव भांड्यात पडला. मागून आबांनी दारातूनच विचारलं, "बसलंय का पडलंय?"

"म्हणजे?"

"बसलेलं जनावर उठतं. पडलेलं उठत नाय."

"बसलंय, आबा," मी म्हटलं.

दसरा हा आमचा सीझन का, ते आता सांगते. मघाशी म्हटलं ती चिप, तिची हजेरीची माहिती आणि घड्याळ हे सगळं एका छोट्या सेलवर जिवंत असतं. रुपयाच्या नाण्याएवढा सेल, मदरबोर्डवर बसवलेला. चार-पाच वर्षांनी तो संपतो. पण मशीनचा प्लग भिंतीवरच्या बोर्डात असला की, मशीन बंद असलं तरी, विजेचा बारीकसा झरा चालू राहतो आणि त्या झऱ्यावर ती आठवण तगून राहते. सेल मेल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. यूपीएस असला तर लोडशेडिंगही त्याला कळत नाही. असं वर्षानुवर्षं चालतं. आणि मग येते खंडेनवमी. वर्षातून एकदा माणसं मशीन ओढून बाहेर काढतात, पुसतात, प्लग काढतात, हळदीकुंकू वाहतात, दिवसभर विश्रांती देतात. दुसऱ्या दिवशी मशीन उठतं ते सगळं विसरून. डिस्क कुठली, पद्धत कुठली, साल कुठलं, काही आठवत नाही. आपल्याकडे यंत्राला वर्षातून एक दिवस सुट्टी मिळते आणि त्या सुट्टीनंच त्याचं दुखणं उघडं पडतं.

भानुदासच्या मशीनचंही तेच झालं होतं. नवा सेल माझ्या पिशवीत कायम असायचा. तो बसवला, पण सेल घातल्यानं विसरलेलं परत येत नाही, ते पुन्हा शिकवावं लागतं. आणि काय शिकवायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मशीन जुन्या मालकाकडून घेतलेलं, तो गाव सोडून गेलेला. डिस्क वाचायची पद्धत मी बदलून पाहिली. तोवर दर वेळी निळा पडदा येऊन मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं, आता सिस्टीम उठली. भानुदासनं हात जोडले. पण वायरकटचं सॉफ्टवेअर उघडलं तर ते म्हणालं, चावी नाही. ते सॉफ्टवेअर कुणी चोरू नये म्हणून प्रिंटर जोडायच्या जागी एक छोटं कुलूप लावलेलं असतं, त्याला आम्ही चावीच म्हणतो. चावी तर समोर लावलेली दिसत होती. मशीन ती बघायला तयार नव्हतं. म्हणजे ती प्रिंटरची जागाही ते विसरलं होतं. मग परत बंद, परत चालू, एक सेटिंग बदल, परत बंद. भानुदास नखं खात होता. आबा उठून दारापाशी उभे होते, उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता.

मधेच तारीख दुरुस्त करायला सेटिंगचं पान उघडलं. मशीन बनलं त्या सालाची एक जानेवारी तिथे दिसत होती. आबांनी विचारलं, "काय म्हणतंय ते?" मी साल वाचून दाखवलं. आबांनी मनाशी हिशेब केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "त्या साली तळं सांडलं व्हतं पिशोरचं. मेंढरास्नी पाणी पाजायला लांब जावं लागलं न्हाय." मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे की माय तेच साल."

मला हसू आलं. मी चालू साल टाकलं.

दुपार व्हायच्या आत मशीनला चावी दिसली. वायरकटची तार ठिणग्या पाडायला लागली. भानुदासनं खुर्चीत अंग टाकलं. मला वाटलं, झालं. पण तो सरळ होऊन बसला आणि आबांच्या देखत मला विचारलं, "सांगा मॅडम, कशानं गेलं होतं?"

मी कारण आणि निमित्त दोन्ही सांगितलं. सेल केव्हाच मेला होता, पूजेचा, हळदीकुंकवाचा काही दोष नाही, कधीतरी हे होणारच होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पण प्लग काढला नसता तर आज चाललं असतं ना?"

खोटं बोलता आलं असतं. आज वाटतं, बोलायला हवं होतं की काय. पण या धंद्यात मशीनबद्दल खोटं बोलायची जिभेला सवय नव्हती. मी म्हटलं, "आज चाललं असतं."

"बघा आबा," भानुदास म्हणाला.

आबांनी गाठोडं उचललं. मी त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत गेले. म्हटलं, "आबा, मनावर घेऊ नका. कामाच्या घोरात बोलला तो. आता मशीन उठलंय, तोही विसरेल."

"मशीन इसरलं तर तू हायेस माय, त्याला आठवून द्यायला," ते म्हणाले. "माझं उलटं हाय. आयकलेलं इसरावं म्हणतो, तर त्याला इलाज नाय."

डाय वेळेवर गेली, काम टिकलं, पुढची कामंही आली. आबा पिशोरला गेले ते गेलेच. भानुदास दिवाळीला त्यांना आणायला गेला होता, ते आले नाहीत. उन्हाळ्यात पाण्याची टाकी घेऊन गेला, टाकी ठेवून घेतली, आले नाहीत. हे मला त्याच्या बायकोकडून कळायचं.  तो स्वतः गल्लीत समोर आला की मान खाली घालून गाडीला किक मारायचा.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी भानुदास औरंगपुऱ्याचा जिना चढून वर आला. स्टुलावर बसला आणि म्हणाला, "मॅडम, सेल बदलायचाय."

"अरे, वर्षच झालंय. चार वर्षं तरी बघायला नको त्याच्याकडे."

"ठाऊक हाय."

"मग?"

तो माझ्या टेबलावरचा एक स्क्रू बोटानं फिरवत राहिला. मग म्हणाला, "आबांना आणलंय. पाया पडून आणलंय. पण मशीनापाशी येईनात. म्हणतात, माझा हात लागायला नगं. तुम्ही येऊन त्यांच्यासमोर बदला, त्यांचा तुमच्यावर इश्वास हाय." आणि उठता उठता, जिन्याकडे तोंड करून म्हणाला, "बोललेलं काय माघारी घेता येत नाय, मॅडम. सेल तरी बदलू द्या."

खंडेनवमीला मी गेले. आबा उंबऱ्याबाहेरच होते, त्याच ड्रमवर. मी त्यांना आत बोलावलं, कॅबिनेट उघडून चांगला चाललेला सेल काढला, नवा बसवला, आणि काढलेला त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला. "एवढ्याशात समदं आठवून ऱ्हातं व्हय?"

"हो आबा."

"आता वायर काढली तर?"

"काढा. नाही विसरणार."

ते भानुदासकडे बघत राहिले. भानुदासनं पूजेचं ताट आणून त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "काढा की आबा. ज्याची पूजा, त्याला जुंपायचं नाय."

आबांनी दोन्ही हातांनी, मेंढराच्या पायातला काटा काढावा इतक्या हळू, प्लग काढला. यूपीएसचा दिवा विझला. मग हळद, मग कुंकू, मग अक्षता. अक्षता मात्र पंख्याच्या जाळीपासून लांब टाका, एवढं मी सांगून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. सवयीनं मी सकाळीच पिशवी भरून ठेवली होती. डाळ कुकरला लावली आणि फोन वाजला. भानुदासचा नंबर. मी कुकर बंद केला. प्लग काढा, असं मीच तर म्हटलं होतं.

"हॅलो," मी म्हटलं. पलीकडे आधी नुसताच श्वास, आणि मागे वायरकटचा आवाज.

"माय," आबा म्हणाले, "उठलं बरं का."

इतक्या वर्षांच्या धंद्यात, मशीन उठलं हे सांगायला आलेला तेवढाच एक फोन.